इन्सुलिनचे रूप आणि बंगळूरचा संशोधक

मधुमेह म्हटला की डोळ्यांपुढे येतो तो डॉक्टर, त्याचा रोगी आणि गोडावर आलेली बंदी. रोगी जेथे कधी पाऊल टाकीत नाही अशा जागेविषयी, विद्यापीठातील प्रयोगशाळेविषयी, मला आज बोलावयाचे आहे.

मधुमेहावरचे थोर औषध अशाच जागी सापडले. १९२१ साली टोरांटो विद्यापीठात बँटिंग आणि बेस्ट यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून स्वादुपिंडाचा अर्क काढला, कॉलिप यांनी तो शुद्ध केला, आणि १९२२ च्या जानेवारीत चौदा वर्षांच्या लेनर्ड टॉमसनला तो टोचण्यात आला. मुलगा जगला. आता कोणी विचारील, औषध हाती आले, रोगी वाचला, मग शोधावयाचे ते काय राहिले? प्रश्न अडाणीपणाचा नाही. परंतु जे टोचले जात होते त्याचे रूप कसे आहे, हे टोचणाऱ्यालाही ठाऊक नव्हते.

डोरोथी हॉजकिन यांनी ऑक्सफर्डला १९३५ साली इन्सुलिनच्या स्फटिकाचे क्ष-किरणांनी छायाचित्र घेतले. त्यावर दिसतात ते केवळ ठिपके. त्यांच्या कमीअधिक ठळकपणावरून गणिताने अणूंच्या जागा काढावयाच्या असतात. पुढे १९५५ पर्यंत केंब्रिजच्या सँगर यांनी इन्सुलिनमधील ५१ अमिनो आम्लांचा क्रम लावून दाखविला. पण मण्यांचा क्रम कळला म्हणजे माळ कशी गुंडाळून ठेवली आहे ते कळत नाही!

१९६८ साली हॉजकिनबाईंच्या प्रयोगशाळेत एम. विजयन हे केरळचे तरुण संशोधक दाखल झाले. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत, जिला १९५८ साली विद्यापीठाचा दर्जा मिळाला होता तेथे, त्यांनी नुकतीच डॉक्टरेट मिळविली होती. स्फटिकांत जड अणू शिरवावयाचे, ठिपके पुन्हा मोजावयाचे, दोहोंतील फरकावरून नकाशा आखावयाचा, असे ते काम. १ नोव्हेंबर १९६९ रोजी ‘नेचर’मध्ये इन्सुलिनचे रूप प्रसिद्ध झाले, तेव्हा लेखाखालील दहा नावांत विजयन यांचे नाव होते. पहिल्या छायाचित्राला तोवर चौतीस वर्षे लोटली होती.

त्या रूपात दिसले ते असे, की स्फटिकात सहा रेणू जस्ताच्या दोन अणूंभोवती एकत्र बसलेले असतात. साध्या इन्सुलिनची सुई जेवणापूर्वी सुमारे अर्धा तास का घ्यावी लागते, त्याचे कारण येथे आहे. हे सहा जण त्वचेखाली एकमेकांपासून सुटल्यावाचून रक्तात नीट उतरत नाहीत. पुढे संशोधकांनी माळेतले शेजारचे दोन मणी एकमेकांच्या जागी बसविले. पकड सैल झाली, आणि जेवावयास बसतानाच टोचता येईल असे इन्सुलिन लिस्प्रो १९९६ साली वापरात आले. रूप पाहण्याचा खटाटोप रोग्याच्या पानापर्यंत पोहोचला तो असा.

विजयन १९७१ साली बंगळूरला परतले. मला हा निर्णय त्यांच्या ऑक्सफर्डच्या यशापेक्षाही मोठा वाटतो. प्रथिनांच्या स्फटिकांवर काम करण्यास लागणारी साधने येथे नव्हती, आणि त्यांकरिता लागणारा पैसाही नव्हता. पण ते रुसून बसले नाहीत. मिळालेल्या साधनांत मावतील असे लहान रेणू त्यांनी हाती घेतले: वेदनाशामक औषधे, सुटी अमिनो आम्ले, त्यांच्या आखूड साखळ्या. माळ नाही तर मणी, एवढाच तो हिशेब. (अर्ज करून वाट पाहणे हाही संशोधकाच्या दिनक्रमाचाच भाग आहे, हे चरित्रकार सहसा लिहीत नाहीत.) मध्यवर्ती सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाचे भरीव साहाय्य मिळाले ते १९८३ साली.

त्याआधीच एका प्रथिनाचे स्फटिक मात्र तयार झाले होते. दिनकर साळुंके हे त्यांचे विद्यार्थी. त्यांच्यासह विजयन यांनी १९८२ साली भुईमुगाच्या दाण्यातील लेक्टिनच्या स्फटिकांची माहिती प्रसिद्ध केली. लेक्टिन म्हणजे शर्करेच्या विशिष्ट रेणूंना धरून ठेवणारे प्रथिन. या लेक्टिनच्या एका रेणूत चार घटक असतात, आणि ते अपेक्षित सममितीने न बसता वेगळ्याच रीतीने जुळलेले आहेत, असे आढळले. तो उलगडा प्रसिद्ध झाला १९९४ साली, स्फटिक मिळाल्यानंतर बारा वर्षांनी.