आधी वासराला, मग खरवस

खरवस कोणाला आवडत नाही? आपल्या पुण्यात तो दुकानातही मिळतो. गोठ्यात गाय व्याली, की शेजारीपाजारी चिकाची वाट बघतात. पण चिकावर पहिला हक्क वासराचा.

तो कसा? आईच्या रक्तात रोगांशी लढणारी द्रव्ये असतात. माणसाच्या बाळाला ती पोटात असतानाच वारेतून मिळतात. गाईची वार ती जाऊ देत नाही. वासरू जन्मते, तेव्हा त्याच्याजवळ काहीच नसते. ती द्रव्ये असतात चिकात. वासराच्या आतड्यातून ती सरळ रक्तात जातात. पण हे दार सुमारे २४ तासांत बंद होते! म्हणून पहिल्या दोन तासांतच चीक पाजावा. "वार पडू दे, मग पाजू," असे म्हणून थांबू नये.

ऑस्ट्रेलियातल्या कांगारूचे पिल्लू तर याहून कच्चे. तांबड्या कांगारूचे पिल्लू ३३ दिवसांत जन्मते. वजन एक ग्रॅमही नसते. ते आईच्या पोटावरच्या पिशवीत सडाला चिकटून वाढते. रोगाशी लढण्याची ताकद त्याला तिथेच येते. तोवर आईचे दूध त्याला सांभाळते. त्याला त्यासाठी महिने मिळतात, आपल्या वासराला एकच दिवस.

वासराचे पोट भरले, की उरलेल्या चिकाचा खरवस करा. दुसऱ्या दिवसाच्या चिकाचाही चांगला होतो, बरं का!