विनामूल्य विद्या आणि आपल्या मुली

गेवराईस आम्ही शिकवीत असता विज्ञानाचे पुष्कळसे प्रयोग फळ्यावरच होत. आज महाजालावर अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळी आगकाड्या, सायकलची व्हॉल्व्ह-ट्यूब अशा किरकोळ वस्तूंतून शास्त्रीय खेळणी कशी करावीत, हे विनामूल्य पाहावयास मिळते, आणि तेही मराठीतून! इतिहासासाठी तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली १९७६ साली ज्याचा पहिला खंड निघाला, तो मराठी विश्वकोशही तेथे खुला आहे.

परंतु पुष्कळ घरी फोन एकच, आणि तो मुलाच्या हाती, मुलगी चुलीपाशी. वडीलधाऱ्यांनी रागावू नये, पण विद्या फुकट होऊनही तिच्यापर्यंत पोहोचत नाही. संघाने कार्यालयात एक संगणक ठेवून रविवारचे दोन तास मुलींसाठी राखावेत. शिकविण्यास आम्ही येऊ.