सुटली ती शेजारची गाडी

अंधेरी स्थानकात दोन लोकल शेजारी-शेजारी उभ्या असतात. पलीकडची हलते आणि खिडकीतल्या प्रवाशाला आपलीच गाडी सुटल्यासारखी वाटते. हा दृष्टिभ्रम म्हणजे डोळ्यांचा दोष नव्हे. नजरेसमोरचे बरेचसे दृश्य एकसारखे सरकू लागले, की शरीरच हलते आहे असा अर्थ मेंदू लावतो. कारण एरवी भोवतालचे जग स्थिर असते. कानाच्या आतले तोलाचे इंद्रिय वेगातला बदल टिपते, एकसारखी गती नव्हे. गाडी संथपणे सुटतानाही त्याला फारसे काही जाणवत नाही. म्हणून डोळ्यांची साक्ष खरी मानली जाते. ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ अर्न्स्ट माख यांनी १८७५ मध्ये अशा भासांचा अभ्यास मांडला. फलाटावरच्या खांबाकडे नजर वळताच भ्रम मोडतो. गाडी जागच्या जागीच असते.