वाचता येतं, समजत नाही



मेळघाटातल्या, म्हणजे धारणी आणि चिखलदरा तालुक्यांतल्या, एखाद्या जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीतल्या कोरकू मुलाला मराठीचं पुस्तक वाचायला दिलं, तर बऱ्याचदा ते वाचून दाखवतं. अक्षरओळख आणि काना-मात्रा पक्के झाले की देवनागरीत छापलेलं काहीही मोठ्याने वाचता येतं. अर्थाचा पत्ता नसताना आपल्यातली कित्येक मंडळी संस्कृत स्तोत्रं घडाघडा म्हणतात, तसंच हे. पण वाचलेल्या उताऱ्यावर साधा प्रश्न विचारला की मूल गप्प होतं. तपासणीला आलेले साहेब वाचन ऐकून समाधानाने शेरा मारून जातात. मुलांच्या शिकण्याची पातळी मोजणाऱ्या 'असर'च्या सर्वेक्षणातही वाचनाची मुख्य कसोटी आहे ती मोठ्याने वाचण्याचीच. तो दोष सर्वेक्षणाचा नव्हे, ते वेगळ्या कामासाठी आखलेलं आहे. पण आपण त्या आकड्यांना आकलनाचे आकडे समजून बसलो आहोत. पुढे पाचवीत हेच मूल 'अप्रगत'च्या यादीत जातं आणि कारण म्हणून घरचं अज्ञान, स्थलांतर, गैरहजेरी असं सगळं सांगितलं जातं. ही कारणं खोटी नाहीत. तरीही शिक्षकाला ज्या कामासाठी तयारच केलेलं नाही, ते काम त्याच्या वर्गात रोज समोर उभं असतं, हे कारण त्या यादीत कधी येत नाही. आज मी त्याबद्दलच बोलणार आहे.

महाराष्ट्रातल्या शाळांत येणाऱ्या आदिवासी मुलांच्या घरच्या भाषा तीन निरनिराळ्या कुळांतल्या आहेत. वारली, भिली, पावरी या मराठीच्या नात्यातल्या. गोंडी, माडिया, कोलामी या द्राविडी, म्हणजे तेलुगू-कन्नडच्या गोतातल्या. आणि कोरकू ही मुंडा गटातली, संथालीची बहीण. २०११च्या जनगणनेनुसार देशात कोरकू बोलणारे सव्वासात लाखांच्या आसपास आहेत आणि गोंडी बोलणारे जवळजवळ तीस लाख. महाराष्ट्रातल्या या आदिवासी भाषांपैकी एकही राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही. आता एक उदाहरण जवळून पाहू. कोरकूत नामांचा भेद सजीव-निर्जीव असा पडतो. पुल्लिंग-स्त्रीलिंगाप्रमाणे क्रियापद बदलत नाही. वचनं मात्र तीन: एक, दोन आणि अनेक. अशा घरातून आलेलं मूल 'गाय आला' म्हणतं, तेव्हा ते निष्काळजी नसतं, आपल्या भाषेचा नियम प्रामाणिकपणे पाळत असतं. गोंडी मुलाचं गणित आणखी निराळं, कारण गोंडीत पुरुष एका गटात आणि बायका, जनावरं, वस्तू असं बाकी सगळं दुसऱ्या गटात. म्हणजे दोन मुलं मराठीत सारखीच चूक करतील, पण तिचं मूळ दोघांच्या बाबतीत वेगळं असेल. हे ठाऊक असलेला शिक्षक 'गाय आला'वर लाल रेघ ओढत नाही. 'गाय आली, बाई आली, बस आली' असा तोंडी खेळ आठवडाभर घेतो. उलट काही ठिकाणी वाट आयती तयार असते. ऐकणाऱ्याला धरून 'आपण' आणि त्याला वगळून 'आम्ही' हा भेद कोरकूत आहे आणि मराठीतही आहे. बाजारात ऐकू येणाऱ्या हिंदीत तो नाही. पण त्या वाटेचा उपयोग करायचा तर ती कुठे आहे हे आधी माहीत हवं.

हे ज्ञान अध्यापक विद्यालयात कुणी देतं का? दोन वर्षांच्या डी.एल.एड.मध्ये बालमानसशास्त्र असतं, विविधतेवर एखादं प्रकरणही असतं, २० आठवड्यांची आंतरवासिता असते. पण नोकरी कुठल्या भाषेच्या मुलखात लागणार याचा विचार त्यात नसतो. नंतरची प्रशिक्षणं म्हणजे वरून आलेले पीपीटी, चहा, हजेरीपट आणि 'आदिवासी संस्कृतीचा आदर करा' असा उपदेश. आदर कुणाला नको आहे? पण आदराने 'गाय आला'चा उलगडा होत नाही. शिक्षकाच्या हाती काही ठोस कौशल्यं यायला हवीत: मुलाच्या चुकीतला नियम ओळखणं, मुलाने त्याच्या भाषेत सांगितलेली गोष्ट देवनागरीत लिहून घेऊन तीच त्याला पहिल्यांदा वाचायला देणं, तोंडी मराठी आधी आणि लेखी मराठी मागाहून आणणं, आणि मुलाला भाषा येत नाही की विषय, हे वेगळं करून तपासणं. त्रैराशिक कोरकूत सोडवणारं मूल मराठी शाब्दिक उदाहरणाला अडलं, तर त्याचं गणित कच्चं नसतं. बालभारतीने २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात एकवीससाठी 'वीस एक' अशी संख्यावाचनाची पद्धत दिली, तेव्हा मराठी मुलांच्या काळजीने केवढा गदारोळ झाला होता! तेवढी काळजी डोंगरापलीकडे पोचली असती तर फार बरं झालं असतं.

यावर पहिला आक्षेप पालकांच्या नावाने घेतला जातो: त्यांना मराठी आणि इंग्रजी हवी आहे, तुम्ही पोरांना बोलीत अडकवू नका. पालकांची इच्छा योग्यच आहे, आणि म्हणून प्रश्न मराठीपर्यंत पोचायच्या वाटेचा आहे. नायजेरियात इफे येथे १९७०पासून झालेल्या प्रयोगात सहाही वर्षं योरुबा या मातृभाषेतून शिकलेली मुलं लवकर इंग्रजीकडे वळवलेल्या मुलांपेक्षा मागे पडली नाहीत, इंग्रजीतसुद्धा नाही. ओडिशात अजित मोहंती यांनी कोंध समाजातल्या मुलांचा अभ्यास केला. घरची कुई आणि ओडिया दोन्ही टिकवून असलेली मुलं एकाच भाषेवर आलेल्या मुलांपेक्षा बौद्धिक कामांत सरस ठरली. आंध्राने २००४ च्या सुमारास आठ आणि ओडिशाने त्यानंतर दहा आदिवासी भाषांत प्राथमिक शिक्षण सुरू केलं, ते हवेतून नव्हे. शिक्षकांसाठी सगळ्यांत मोलाची गोष्ट मात्र टोरांटोतल्या स्थलांतरितांच्या मुलांवर जिम कमिन्स यांनी केलेल्या कामात सापडते. नवी भाषा गप्पांपुरती दोनेक वर्षांत येते. पण तिच्यातून विज्ञान, इतिहास शिकण्याइतकी यायला पाच ते सात वर्षं लागतात. 'त्याला मराठी येतं की, मैदानावर बघा' हे वाक्य म्हणूनच फसवं आहे. मैदानावरच्या मराठीच्या भरवशावर चौथीत आधार काढून घेतला जातो आणि पाचवीत मूल कोसळतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. स्थानिक आदिवासी शिक्षक नेमा, प्रश्न सुटला, असं म्हणतात. नेमलेच पाहिजेत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण भाषा येणं वेगळं आणि तिच्या आधाराने शिकवता येणं वेगळं. या शिक्षकाचं स्वतःचं शिक्षण घरची भाषा दाराबाहेर ठेवूनच झालेलं असतं, आणि वर्गात आपली बोली वापरणं म्हणजे कमीपणा, हे तोच सगळ्यांत पक्कं शिकलेला असतो. त्याला प्रशिक्षणाची गरज बाहेरून आलेल्या गुरुजींइतकीच आहे, फक्त वेगळी. शिवाय एकभाषक वर्ग सगळीकडे मिळत नाहीत. मुंबई महापालिका आठ माध्यमांच्या शाळा चालवते, तरी तिच्या हिंदी शाळेतलं मूल घरी भोजपुरी किंवा अवधी बोलतं आणि कागदोपत्री ते मातृभाषेतूनच शिकत असतं. एका शिक्षकाने चार भाषा शिकाव्यात अशी मागणी कुणी करत नाही. चारही भाषांतली मुलं आपापसांत आपल्या भाषेत विचार करतील आणि मग मराठीत मांडतील, अशी कामाची रचना मात्र एकभाषक शिक्षकालाही करता येते. तीही शिकावीच लागते.

आपल्याकडे अशा शिक्षक-तयारीची परंपराच नाही असंही नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीत १९४५ साली सुरू केलेलं काम १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर नेलं, आणि गुरं राखणाऱ्या वारली मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली. शिक्षकाची तयारी मुलाच्या अंगणात बसूनच होते, हे त्यांनी करून दाखवलं. नंतर आपण त्यांचे फोटो लावले आणि प्रशिक्षण सभागृहात नेलं.

उरतो तो बदल्यांचा आक्षेप. शिक्षक तीन वर्षांत मैदानी भागात जाणार, मग त्याला कोरकू शिकवून काय उपयोग? हा आक्षेप प्रशिक्षणाविरुद्ध नाही, बदलीच्या धोरणाविरुद्ध आहे. दुर्गम शाळेतली नेमणूक आज शिक्षेसारखी किंवा पुढच्या बदलीसाठी गुण जमवण्यासारखी मानली जाते. भाषेचं प्रशिक्षण घेऊन पाच-सात वर्षं तिथेच राहणाऱ्याला वेतनवाढ द्या, शाळासमूहाच्या मासिक शिक्षण परिषदेत परिपत्रकं वाचण्याऐवजी मुलांच्या वह्यांतल्या चुका मांडा, आणि २० आठवड्यांच्या आंतरवासितेतले निदान आठ अशा शाळेत ठेवा. यातल्या कशालाच नवा कायदा लागत नाही. घटनेतलं कलम ३५०अ १९५६पासून आहे, शिक्षणहक्क कायदाही शक्यतो मातृभाषेतून शिकवा असंच सांगतो. खरी अडचण वेगळ्याच ठिकाणी आहे. अध्यापक विद्यालयांत आणि 'डाएट'मध्ये, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थांत, जे शिकवतात, त्यांतल्या फार थोड्यांनी गोंडी-कोरकूचं व्याकरण कधी उघडून पाहिलं असेल. प्रशिक्षण सुरू करायचं तर ते आधी त्यांच्यापासून करावं लागेल, आणि त्यांना शिकवायला मेळघाटातल्या आणि माडिया मुलखातल्या भामरागडमधल्या बोलत्या माणसांना मानधन देऊन, खुर्ची देऊन बोलवावं लागेल.