लहान्या का बोलत नाही?

गोविंद निहलानींचा ‘आक्रोश’ हा चित्रपट 1980 सालचा. त्यातल्या तालुक्याच्या गावाला नाव नाही, पण जव्हार-मोखाड्याच्या माणसाला ते परके वाटणार नाही. जंगल आहे, ठेकेदार आहे, कोर्ट आहे आणि क्लबात पत्ते कुटायला जमणारी बडी मंडळी आहेत.

लहान्या भिकू या आदिवासी मजुरावर स्वतःच्या बायकोच्या, नागीच्या, खुनाचा आरोप आहे. त्याच्या बचावासाठी नेमलेला तरुण वकील भास्कर कुलकर्णी त्याला परोपरीने विचारतो. लहान्या तोंड उघडत नाही. आरोपीच गप्प राहिला तर कथा पुढे सरकायची कशी? विजय तेंडुलकरांनी ही अडचणच पटकथेचा कणा केली. नागीवर अत्याचार करणारे क्लबात बसणारेच आहेत, हे प्रेक्षकाला तुकड्यातुकड्यांनी कळत जाते, आणि लहान्याच्या मौनामागची दहशतही.

निहलानींचे हे पहिलेच दिग्दर्शन. ‘अंकुर’, ‘निशांत’, ‘मंथन’ या श्याम बेनेगलांच्या चित्रपटांचे छायाचित्रण त्यांनी केले होते. इथेही कॅमेरा त्यांचाच. लहान्या झालेल्या ओम पुरींना संवाद जवळजवळ नाहीतच. सारी भूमिका डोळ्यांवर तोललेली आहे. 1981 च्या भारतीय आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात ‘आक्रोश’ला सुवर्णमयूर मिळाला.

लहान्याइतकेच महत्त्वाचे पात्र म्हणजे अमरीश पुरींचा सरकारी वकील दुसाणे. तोही आदिवासी. शिकला, पदावर पोचला, तरी जातीवरून शिव्या देणारे फोन निमूट ऐकतो आणि कायद्याच्या चौकटीबाहेर पाऊल टाकत नाही. म्हणजे गप्प असलेले आदिवासी दोन आहेत: एक कोठडीत, एक काळ्या कोटात. तेंडुलकरांची खरी धार इथे जाणवते.

मात्र हे मौन आदिवासींचा स्वभाव मानणे चूक ठरेल. जव्हार-मोखाड्याहून फार दूर नाही, त्या डहाणू-उंबरगाव भागात 1945 साली वारली आदिवासींनी संघटित होऊन वेठबिगारी नाकारली. 10 ऑक्टोबरला तलवाड्याला पोलिसांच्या गोळीबारात 5 जण मारले गेले, तरी लढा थांबला नाही. गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये तो लिहून ठेवला, पुस्तकाला 1972 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. लहान्याला तशी संघटना भेटली असती, तर तो कोर्टात उभा राहून बोलला असता.

चित्रपटात तसे होत नाही. बापाला अग्नी द्यायला त्याला बेड्या घालून आणतात. बहिणीवर खिळलेली वाईट नजर त्याला दिसते. तो कुऱ्हाड उचलतो, तिलाच मारतो आणि मग तो आक्रोश फुटतो. प्रसंग हादरवून टाकतो, यात शंका नाही. तरीही जगायचे की मरायचे, हे त्या बहिणीला कोणी विचारत नाही; स्मिता पाटीलसारखी अभिनेत्री असूनही नागीच्या वाट्याला बोलणे फारसे येत नाही. जव्हार-मोखाड्याच्या एखाद्या मुलीने उद्या पटकथा लिहायला घेतली, तर तिने या दोघींपासून सुरुवात करावी.