माजघरातली जाखडी



माझी ओळख सॉफ्टवेअर इंजिनिअर म्हणून करून दिली, पण आज बोलणार आहे आमच्या माजघराबद्दल. गेली तीन वर्षं मे महिन्यात तिथे आम्ही वाडीतल्या जाखडीचं रेकॉर्डिंग करतो. जाखडी खरी गणपतीतली. पण तेव्हा कौलांवर पाऊस वाजत असतो. मे महिन्यात आभाळ कोरडं असतं आणि चाकरमानीही गावी असतात.

सामान थोडंच आहे: लॅपटॉप, ऑडिओ इंटरफेस आणि पाच माईक. उघड्या भिंतीवरून आवाज परततो, म्हणून भिंतींवर आजीच्या गोधड्या टांगतो. पंखा, फ्रीज बंद. लॅपटॉप बॅटरीवर, कारण लाईटचा भरवसा तुम्हाला ठाऊकच आहे!

खरी अडचण ढोलकीची. ती बुवांच्या माईकमध्ये शिरतेच. बुवांचा माईक तोंडापासून वीतभर असेल, तर दुसरा माईक त्यापासून निदान तीन विती लांब ठेवायचा. कार्डिऑइड माईकला मागचं कमी ऐकू येतं, म्हणून त्याची पाठ ढोलकीकडे करायची. मिसळ आटोक्यात येते, संपत नाही.

त्यावर वाडीतली मुलं म्हणाली, "ताई, प्रत्येकाचं वेगवेगळं रेकॉर्ड करू, कानात क्लिक लावून." तसंही करून पाहिलं. ताल घड्याळासारखा आला, पण गाणं थंड पडलं. सवाल टाकताना बुवा क्षणभर थांबतात. ढोलकीवाला त्यांचा चेहरा बघून थाप रोखतो, आणि नाचणाऱ्यांच्या पायातले चाळही थबकतात. क्लिक कोणासाठी थांबत नाही. तेव्हापासून सगळे एकत्रच. गाणारे मध्ये, भोवती फेर, आणि वायरी पायात येऊ नयेत म्हणून तुळईवरून नेलेल्या.

१९०२ साली कलकत्त्यात गौहर जान ग्रामोफोनच्या कर्ण्यासमोर गायल्या. तेव्हा सगळं गाणं तीनेक मिनिटांत बसवावं लागे. आपल्याला ती अट नाही. पाच माईकचं तासभराचं रेकॉर्डिंग सुमारे अडीच जीबी होतं. शक्ती-तुऱ्याचा अख्खा सामना खिशातल्या पेनड्राइव्हवर मावतो.

वेळ मात्र मावत नाही. आमचे बुवा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. गाणी त्यांच्या वहीत आहेत, पण चाली फक्त गळ्यात. गेल्या मे महिन्यात दोन गाण्यांनंतर त्यांचा आवाज बसला. वहीतली बरीच गाणी अजून राहिली आहेत.

म्हणून एक विनंती. कोणाच्या घरी जाखडीच्या, नमनाच्या जुन्या कॅसेट असतील तर मला द्या. आपल्या दमट हवेत टेपला बुरशी धरते. तशी दिसली तर वाजवून बघू नका, टेप खराब होईल. आणि तुमच्या वाडीत असे बुवा असतील, तर येत्या मेची वाट बघू नका. निदान मोबाईल समोर ठेवा, पंखा बंद करा आणि त्यांना गायला सांगा.