बापाची हद्द



पदवीनंतर नोकरी, घर आणि संसार हे प्रश्न ओळीनं तुमच्यासमोर उभे राहतील. आईबाप होण्याची तयारी मात्र कोणताच अभ्यासक्रम करून घेत नाही. आज मी बापपणाविषयी बोलणार आहे, आणि आधार घेणार आहे एका अ‍ॅनिमेशनपटाचा. निखिल अडवाणी यांचा ‘दिल्ली सफारी’ २०१२ साली प्रदर्शित झाला. पुण्याच्या क्रेयॉन पिक्चर्सनं घडवलेल्या या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट अ‍ॅनिमेशनपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्याची गोष्ट सुरू होते ती आपल्याच मुंबईच्या उपनगरात, बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात. जंगल सपाट करायला बुलडोझर येतात, सुलतान हा बिबट्या मारला जातो आणि त्याचा बछडा युवी बापाविना उरतो.

सुलतान शूर आहे, मुलावर त्याची माया आहे. तरीही मुलाचं जंगल त्याला राखता येत नाही. यात त्याची माया कमी पडलेली नाही. जंगलाचा निकाल त्याच्या हद्दीबाहेर कुठंतरी आधीच लागलेला असतो. म्हणून तर युवी, त्याची आई बेगम आणि त्यांचे सोबती माणसाची भाषा बोलणाऱ्या पोपटाला घेऊन थेट दिल्लीला, संसदेत दाद मागायला निघतात. मला यातून एकच गोष्ट दिसते: बापाची जबाबदारी घराच्या उंबरठ्याशी संपत नाही. मुलाची हवा, पाणी आणि खेळायची जागा जिथं ठरते, तिथपर्यंत ती पोचते. बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत पसरलेलं हे उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं आहे. तुळशी आणि विहार हे तलाव याच डोंगररांगांतलं पाणी साठवतात आणि ते मुंबईकरांच्या घरात येतं. मुलासाठी महागडा वॉटर प्युरिफायर घेणारा बाप या डोंगरांविषयी बेफिकीर असेल, तर त्याची काळजी अर्धीच राहिली.

यावर पहिला आक्षेप प्राणिशास्त्राचा. बिबट्याचा नर पिल्लांच्या संगोपनात भाग घेत नाही, ते मादी एकटीच करते. म्हणजे सुलतान ही माणसाची कल्पना आहे. मान्य, पण म्हणूनच तो आपल्याविषयी काही सांगतो. बिबट्याला निसर्गानं जे दिलं नाही ते आपल्याला निवडता येतं. मूल एकट्या आईवर सोपवून मोकळं होणाऱ्या पुरुषाला निसर्गाचा दाखला देता येणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. जंगलाच्या कडेला झोपडी बांधणाराही बापच असतो, त्यानं पोरांना कुठं ठेवायचं? १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयानं उद्यानातली अतिक्रमणं हटवण्याचा आदेश दिला, तेव्हा हजारो कुटुंबांपुढं हाच प्रश्न उभा राहिला. त्यांच्या पुनर्वसनाविना जंगल वाचवणं म्हणजे एका मुलाच्या नावानं दुसऱ्याला उघड्यावर टाकणं. माझा युक्तिवाद त्यांच्याविरुद्ध नाही. परवडणारं घर आणि राखलेलं जंगल यांपैकी एकच मिळेल अशी पाळी ज्या नियोजनानं बापावर आणली, ते बदलायला हवं. आणि ते एकट्या बापाच्या आवाक्यातलं नाही.

तिसरं म्हणणं वेळेचं. पहाटेची लोकल पकडून रात्री परतणाऱ्यानं हे सगळं कधी करायचं? केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यांना पितृत्व रजा मिळते ती पंधरा दिवसांची, आणि खासगी नोकरीत तेवढीही मिळेल असा देशव्यापी कायदा नाही. बापाला घरी वेळ मिळणंही असं घराबाहेरच ठरतं.

हे निर्णय उद्या तुमच्यापैकीच काहीजण घेणार आहेत. कुणी नगररचनेचे आराखडे काढेल, कुणी कंपनीत रजेचे नियम लिहील, कुणी न्यायालयात बाजू मांडेल. तुम्ही आईबाप व्हाल किंवा होणार नाही; पण तुमच्या सहीखाली कुणाच्या तरी मुलाचं बालपण ठरेल. ती सही करताना त्या मुलाचे पालक असल्यासारखा विचार करा. पदवीबरोबर ही जबाबदारीही स्वीकारा.